वर्षभर नेदरलँड्सला, घर आंजर्ल्याजवळ : निघण्याआधी काय काय उरकायचं?

आंजर्लेकाठ :

नमस्कार मंडळी. मला वाखेनिंगेनच्या कृषी विद्यापीठात संशोधक म्हणून नेमणूक मिळाली आहे. करार १ ऑक्टोबर २०२६ ते ३० सप्टेंबर २०२७. आम्ही चौघंही जाणार : मी, नवरा, मुलगी (१२ वर्षं, सातवी) आणि मुलगा (९ वर्षं, चौथी). तिथे असताना मुलांना जमेल तेवढा युरोप रेल्वेने दाखवायचा, हा पक्का बेत आहे.

घर कोकणात, समुद्रापासून जवळ, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मागे विहीर. चाळीस हापूस कलमं, पंधरा माड, थोडी पोफळी. शेजारच्या वाडीतला एक माणूस देखरेख करायला तयार आहे. चतुर्थी यंदा १४ सप्टेंबरला, त्यामुळे गौरी-गणपती करूनच निघू. पुढच्या वर्षी चतुर्थी ४ सप्टेंबरला येते, तेव्हा आम्ही तिकडेच; मूर्ती चुलत दिरांकडे बसेल हे ठरलं आहे.

कागदपत्रं, बंद घर, बाग, दोन्हीकडच्या शाळा आणि प्रवास, यांत कशाला आधी हात घालू? काय हमखास अडतं? एजंटांचे नंबर कृपया नकोत.

खाडीपलीकडे :

ताई, आधी दाखले. व्हिसाचा अर्ज विद्यापीठच लावेल. ते तिथलं मान्यताप्राप्त प्रायोजक आहे आणि आयएनडी या इमिग्रेशन खात्याकडे चौघांचं प्रकरण एकत्र पाठवतं. मंजुरी आली की पासपोर्टवर एमव्हीव्ही हा प्रवेशाचा व्हिसा चिकटवून घ्यायचा. तो ९० दिवस चालतो, तेवढ्यात देशात शिरायचं. तुमच्यासोबत येणाऱ्या जोडीदाराला तिथे नोकरी करता येते. तिथे राहण्याच्या परवान्याचं जे कार्ड मिळतं, त्याच्या मागे तशी नोंद असते, ती हातात पडताच वाचून पाहा.

खरं अडतं ते पोचल्यावर, नगरपालिकेत नाव नोंदवताना. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने पाच दिवसांत नोंदणीसाठी जायचं असतं. त्यातून बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो आणि पगार, बँक, विमा सगळं त्यावर चालतं. तिथे चौघांचे जन्मदाखले आणि विवाह नोंदणीचा दाखला मागतात, तेही अपोस्टिल केलेले, म्हणजे परदेशात मान्य होणारा सरकारी शिक्का असलेले. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे आणि नेदरलँड्स आपलं अपोस्टिल मानतं. आधी राज्याच्या पातळीवर प्रमाणीकरण, मग परराष्ट्र खात्याचा शिक्का, असे दोन टप्पे आहेत. चार-पाच आठवडे हाताशी ठेवा.

दाखले जुने, हाताने लिहिलेले, फक्त मराठीत असतील तर ग्रामपंचायतीतून मराठी-इंग्रजी छापील प्रत नव्याने काढा. बाळाच्या नावाचा रकाना कोरा असलेले दाखले आपल्याकडे पुष्कळ निघतात. तसं असेल तर आधी नाव चढवून घ्या. लॅमिनेशन केलेला कागद अपोस्टिलला चालत नाही. आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग दाखल्याशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. सावंत एकीकडे व्हीने आणि दुसरीकडे डब्ल्यूने असले, तर नगरपालिकेचा माणूस दोन वेगळी माणसं समजतो. ज्याच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे आणि सगळं नाव एकाच ओळीत आलं आहे, त्याने तो इथेच दुरुस्त करावा. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात. मुदत २०२७ च्या अखेरीपलीकडे जाते ना, बघा.

आता निघायची तारीख. आयकराचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. नोकरीसाठी परदेशी जाणारा माणूस त्या वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, तर त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजलं की १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला येतो आणि निघण्याचा दिवसही सहसा भारतातला धरतात. म्हणून २८ सप्टेंबरच्या आत विमानात बसा. मग मार्च २०२७ पर्यंतचा तिथला पगार इथे करपात्र होत नाही. दोन दिवस उशीर झाला तर तोच पगार इथल्या विवरणपत्रात येतो. पुढच्या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२७ नंतर, तुम्ही परत येणार असल्याने निवासी ठराल. तेव्हा एप्रिल ते सप्टेंबरचा पगार इथे दाखवायचा, तिकडे भरलेल्या कराची वजावट दोन देशांतल्या करारानुसार मागायची आणि तिथलं बँक खातंही विवरणपत्रात नोंदवायचं. सीएला हे आत्ताच सांगून ठेवा. तिथल्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि वर्षाचं पगारपत्रक जपून आणा.

गणपतीचं गणित यातच बसवा. गौरी-विसर्जनानंतर कोकण रेल्वे चाकरमान्यांनी भरलेली असते आणि महामार्गही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी खेडहून तिकिटं काढा. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. त्या रात्री मुंबईत मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात, तेव्हा त्या रात्रीचं विमान घेऊ नका. २३-२४ चं सगळ्यांत बरं.

मुखत्यारपत्र जाण्याआधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून द्या. सर्वाधिकार देऊ नका. वीज, घरपट्टी, बागेचा करार, कृषी खात्यातली कामं एवढीच नावं घालून विशेष मुखत्यारपत्र करा. तिकडे गेल्यावर हेच करायचं म्हटलं तर आधी हेगच्या भारतीय दूतावासात साक्षांकन, मग कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क, असा फेरा पडतो.

एक बारीक गोष्ट, पण तिच्यावाचून सगळं थांबतं : आधार आणि बँकेला जोडलेला मोबाइल नंबर. रोमिंग इथूनच सुरू करून घ्या आणि रिचार्ज संपू देऊ नका. ९० दिवस वापर नाही आणि शिल्लकही नाही, असं झालं तर नंबर जातो. तो गेला की ओटीपी जातो आणि परदेशात बसून नंबर परत मिळवणं फार जिकिरीचं आहे.

चिरेबंदी :

घराबद्दल लिहितो, कारण याच बाबतीत लोक कुलूप लावून मोकळे होतात.

तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी निघताय, म्हणजे घर ओलं असताना बंद करताय. तीन महिन्यांचा पाऊस चिऱ्यात मुरलेला असतो, लाकूड फुगलेलं असतं, गाद्यांत दमट हवा भरलेली असते. अशा घराची दारं-खिडक्या घट्ट लावली की पंधरा दिवसांत बुरशी येते. म्हणून खरी बंद करायची वेळ ऑक्टोबरच्या उन्हात, आणि ती तुमच्या माणसाने साधायची. पाऊस थांबला की आठवडाभर रोज सकाळी दहा ते चार सगळं उघडायचं, गाद्या खळ्यात टाकायच्या, कपाटांची दारं सताड ठेवायची. हे काम त्याला कागदावर तारखांसह लिहून द्या आणि त्याचे पैसे वेगळे ठरवा. 'अधूनमधून बघ हां' एवढ्यावर काम होत नाही.

तोवर निघतानाच्या गोष्टी. कपाटं आणि पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर सुटे ठेवा. ओल त्याच भिंतीला धरते आणि वाळवीही तिथूनच चढते. रेशमी साड्या, पुस्तकं, दस्तऐवज पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक विटांवर. फ्रिज रिकामा करून पुसून घ्या, दार उघडं राहील असं लाकूड अडकवा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा. कुलपं पितळेची लावा, बिजागऱ्यांना ग्रीस चोपडा, खाऱ्या वाऱ्यात लोखंडी कुलूप सहा महिन्यांत धरतं. वरची हवेची भोकं बंद करू नका, त्यांना जाळी बसवा.

इन्व्हर्टरची बॅटरी नुसती पडून राहिली की मरते. शेजाऱ्याला वर्षभर वापरायला द्या, तिला बरं आणि त्यालाही. पंप विहिरीवरचा असेल तर पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं चालवायला सांगा, नाहीतर जाम होतो. त्यासाठी पंपाचं बटण मुख्य लाइनपासून वेगळं करून घ्या, म्हणजे घराची वीज बंद ठेवून पंप चालू करता येईल. संडास-बाथरूमच्या जाळ्यांतलं पाणी सुकलं की टाकीची घाण आणि झुरळं वर येतात. त्याच फेरीत दोन दोन तांबे पाणी ओतायचं.

खरी परीक्षा मे २०२७ ला. शाकारणी (छपराची डागडुजी) आगोटीआधी, पावसाळा लागण्यापूर्वी, म्हणजे १५ मेच्या आत व्हायला हवी, कारण नंतर माणूस मिळत नाही. कौलं चाळायची, फुटकी बदलायची, कोने सिमेंटने बंद करायचे, पन्हळीतला पाला काढायचा, पश्चिमेला झड (पावसाचा मारा अडवणारा आडोसा) बांधायची. पन्नास-साठ कौलं आत्ताच आणून पडवीत रचून ठेवा. जुन्या मापाची कौलं ऐन वेळी मिळत नाहीत आणि वानरांची टोळी एकदा नाचून गेली की पाच-दहा सहज फुटतात. घरावर झुकलेल्या माडांचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या निघण्याआधी एकदा आणि मेमध्ये एकदा पाडून घ्या. पावसाळ्यात कौलातून येणारं पाणी निम्म्या वेळा माडाच्या झावळीमुळेच असतं.

शाकारणीचे पैसे आधी देऊ नका. काम झाल्यावर आढ्याखालून आकाशाकडे काढलेले फोटो मागा. उजेडाचे ठिपके दिसले की कुठे फट आहे ते तिकडे बसून कळतं.

कलमबाग :

चाळीस कलमं म्हणजे कोणी तरी व्यापारी करार मागायला येणारच. त्यात एकच मोठा धोका आहे, कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं संजीवक. तुम्ही कृषी क्षेत्रातल्या, त्यामुळे दापोली विद्यापीठाची शिफारस ठाऊक असेल : झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरला ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, बुंध्याभोवती विस्ताराच्या निम्म्या अंतरावर भोकं पाडून. आठ मीटर विस्ताराच्या कलमाला २४ मिली झाले. एका वर्षाचा करार घेणाऱ्याला पुढच्या वर्षी ते झाड कसं राहील याचं सोयरसुतक नसतं. तो जास्त ओततो, झाड भरभरून मोहरतं आणि पुढे पालवी आखूड, गुच्छासारखी येऊन फांद्या वाळतात.

म्हणून यंदाचं कल्टार जुलैअखेर तुमच्या देखत, मापाने घाला. करार त्यानंतरच्या हंगामाचा, ३१ मे २०२७ ला संपणारा करा, आणि 'कोणतंही संजीवक घालायचं नाही' हे वाक्य त्यात हवंच. २०२७ च्या पावसाळ्यात कल्टार घालूच नका. एक वर्ष विश्रांती मिळाली तर झाडांचं काही बिघडत नाही. फवारण्या कोण करणार, औषध कोणाचं, पैशाचे हप्ते कधी, सगळं लिहा. पहिला हप्ता मोहोर येण्याआधी घ्या.

पोफळींना कोळेरोगासाठी (सुपारी कुजून गळते तो रोग) बोर्डो मिश्रण १ टक्का : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, दुसरी त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने उघडीप बघून. हे व्यापारी करत नाही, त्याचा गडी वेगळा सांगा. ई-पीक पाहणी, म्हणजे उभ्या पिकाची सरकारी नोंद, तीही विसरू नका. शेतात उभं राहून मोबाइलवरून करावी लागते, तेव्हा देखरेखीच्या माणसाला ॲप दाखवून ठेवा.

आंजर्लेकाठ :

खूप आभार. ऑक्टोबरच्या उन्हाचा मुद्दा ध्यानात आला नव्हता. आता शाळा आणि प्रवास. इथल्या शाळेतून दाखला काढावा की नुसती रजा सांगावी? आणि तिथे शाळा चालू असताना आठ-दहा दिवस मुलांना घेऊन फिरता येतं का?

रुळावरून :

आधी दुसऱ्याचं उत्तर : नाही. तिथे पाच वर्षांपासून शाळा सक्तीची आहे आणि परवानगीशिवाय मुलांना सुट्टीव्यतिरिक्त बाहेर नेलं तर पालकांना दंड होतो. पालकाच्या कामाच्या स्वरूपामुळे शाळेच्या सुट्टीत जाणं अशक्यच असेल, तर मुख्याध्यापक वर्षातून एकदा, जास्तीत जास्त दहा दिवस देऊ शकतात, तेही शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नाही. संशोधकाच्या नोकरीला हे सहसा लागू होत नाही. धार्मिक सणाला एखादा दिवस मिळतो, दिवाळीसाठी आधी लेखी कळवा.

पण सुट्ट्या भरपूर आहेत. ऑक्टोबरात एक आठवडा, नाताळला दोन, फेब्रुवारीत एक, मेमध्ये एक किंवा दोन, उन्हाळ्यात सहा. देशाचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन भाग करून ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या पुढेमागे ठेवतात. तुमचं गाव कोणत्या भागात येतं ते सरकारी वेळापत्रकात पाहा आणि शाळेकडून खात्री करून घ्या, मगच तिकिटं काढा. दोन मुलं दोन शाळांत जाणार असल्याने हे महत्त्वाचं. मुलगा प्राथमिक शाळेत, नवागतांसाठी भाषेचा वर्ग असेल तर त्यात. मुलगी बारा वर्षांची, म्हणजे माध्यमिकच्या आयएसकेमध्ये, जिथे परदेशातून आलेल्या मुलांना आधी डच शिकवतात. तो वर्ग शेजारच्या मोठ्या गावातही असू शकतो. घर भाड्याने घेण्याआधी ते विचारा.

इथल्या शाळेचं : वर्षभर गैरहजेरी लावून पट अडवून ठेवू नका. रीतसर दाखला काढा, मुलांचा शिक्षण खात्याच्या सरल प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक लिहून घ्या, परदेशी जात असल्याची नोंद करून घ्या. परतल्यावर शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे मुलगी आठवीत आणि मुलगा पाचवीत बसेल. अडचण प्रवेशाची येत नाही, अभ्यासाची येते. तुम्ही ऑक्टोबरात याल तेव्हा पहिलं सत्र संपत आलेलं असेल. मुलीचं गणित सुटू देऊ नका. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट पीडीएफमध्ये आहेत. रोज अर्धा तास गणित आणि अर्धा तास मराठी वाचन-लेखन पुरतं, पण ते रोजच हवं.

आता गाड्या. वाखेनिंगेनला स्वतःचं स्टेशन नाही, बसने एडेला जायचं. तिथून उट्रेख्त, आर्नेम थेट. आर्नेमहून जर्मनीला जाणारी आयसीई ही वेगवान गाडी मिळते, त्यामुळे कोलोन, र्‍हाइनचं खोरं हा तुमचा सगळ्यांत सोपा प्रदेश. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाडीत १४ वर्षांपर्यंतची मुलं पालकांसोबत फुकट, मात्र तिकीट काढतानाच त्यांची संख्या भरावी लागते. गाडीत चढल्यावर चालत नाही.

मोठ्या सुट्टीला इंटररेल पास घ्या, म्हणजे एका पासावर युरोपातल्या अनेक देशांत रेल्वेने फिरता येतं. तो युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे, नागरिकत्वाची अट नाही. राहण्याचं कार्ड हाती आलं की तुम्ही पात्र. मुलाचा पास फुकट, कारण ४ ते ११ वयाला मोठ्या माणसामागे दोन मुलं मोफत असतात. मुलीला तरुणांचा सवलतीचा पास. स्वतःच्या राहत्या देशात फक्त जाताना एकदा आणि येताना एकदा पास चालतो. लोक इथे फसतात : पास असला तरी फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, युरोस्टार यांना आसनाचे पैसे वेगळे आणि पासवाल्यांसाठीच्या जागा मोजक्या. चौघांना एकत्र बसायचं तर दोन-तीन महिने आधी बघा. जर्मनी, ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही, म्हणून मुलांसोबतचा पहिला लांबचा प्रवास त्या बाजूचा ठेवा. सातपैकी एक प्रवासदिवस आठवड्याच्या धुण्यासाठी आणि आरामासाठी मुक्कामात मोकळा सोडा. रोज नवं शहर म्हटलं की चौथ्या दिवशी मुलं कंटाळतात.

राहण्याचं कार्ड असलं की शेंगेनच्या, म्हणजे आपसांत सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय गटाच्या, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. नेदरलँड्समधले दिवस त्यात धरत नाहीत. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत, मुलांचीही. ब्रिटन आणि आयर्लंड यात येत नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा.

डिसेंबरात तिथे उजेड जेमतेम पावणेआठ तास. नाताळच्या सुट्टीत संग्रहालयं आणि शहरं ठेवा. डोंगर, समुद्र मेनंतर. गरम कपडे इथून घेऊ नका, तिथे जुन्या वस्तूंच्या दुकानांत मुलांच्या मापाचे चांगले कोट स्वस्त मिळतात. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. सायकलवर घालता येणारा रेनकोट आणि पँट हवी. आणि मुलांना आत्तापासून सायकल शिकवा : एका हाताने वळण्याची खूण करत, मागे वळून बघत, उजव्या बाजूने. शाळेत जायचं साधन तेच आहे.

गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून इथूनच न्या. आपलं लायसन्स नगरपालिकेत नाव नोंदवल्यापासून १८५ दिवस चालतं, त्यानंतर नाही.

खाडीपलीकडे :

आरोग्यविमा राहिला. चार महिन्यांच्या आत काढायचा, पण हप्ता पहिल्या दिवसापासूनचा लागतो, म्हणून उशिरा काढून काही वाचत नाही. १८ खालच्या मुलांना हप्ता नाही. मोठ्यांना २०२६ साली उपचारांचे पहिले ३८५ युरो स्वतःच्या खिशातून. फॅमिली डॉक्टरकडे नाव लगेच घाला. त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ डॉक्टर बघत नाही. चष्मे आणि मोठ्यांच्या दातांची कामं निघण्याआधी इथेच करून घ्या.

आंजर्लेकाठ :

शेवटचा प्रश्न. सामानात खायचं काय काय नेता येईल?

सोडेसुकट :

युरोपीय संघाचे नियम आपल्या अंदाजाच्या उलटे आहेत, म्हणून नीट वाचा. दुधाचं काहीही नाही : तूप, पेढे, खवा, चीक, सगळं बाद. मांसही नाही. मासे मात्र चालतात, माणशी २० किलोपर्यंत. म्हणजे सोडे, सुकट, बोंबील बिनघोर न्या. कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवा, निर्वात पाकिटात भरा, ते पाकीट दुसऱ्यात घाला. नाहीतर बाकीच्या कपड्यांना वास लागेल.

ताजी फळं, भाज्या, पाला यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून आंबा आणि कढीपत्ता नको. ओला नारळ, केळी, अननस, खजूर यांना सूट आहे, पण नारळ तिथेही मिळतो, वजन वाया घालवू नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात घेत नाहीत, तेलकट असल्याने पेट घेतात.

जागा ठेवा ती आमसुलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, तिरफळं यांना. मूळ पाकीट किंवा नाव-घटक लिहिलेली चिठ्ठी असावी. डाळी, तांदूळ, भेंडी, शेवगा यांची काळजी नको, सुरिनामहून आलेल्या लोकांच्या (त्यांत पुष्कळ भारतीय वंशाचे) दुकानांत सगळं असतं. आमसुलं मात्र तिथे शोधून मिळायची नाहीत, चौघांना वर्षाला किलोभर तरी घ्या.